तुंबलेली मोरी: हे आपलंच काम आहे

संडास तुंबला की माणूस बोलवावा, आपण त्यात हात घालू नये, हे मत सुशिक्षित घरांत इतकं रुळलं आहे की त्याला उत्तर द्यायची गरजच कुणाला वाटत नाही. अलीकडे आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ते ठराव म्हणून पुढे आलं. देखभाल खर्च थोडा वाढवावा, वार्षिक करारावर एक माणूस नेमावा आणि कुठल्याही फ्लॅटमधली मोरी, बेसिन किंवा संडास तुंबला की त्याने येऊन मोकळा करून द्यावा. ठराव मांडणारे गृहस्थ विचारी आहेत. त्यांनी कारणं दिली: हे जाणकाराचं काम आहे, त्यात धोका आहे, आपल्याला वेळ नाही आणि त्या निमित्ताने एका गरीब माणसाच्या हाताला काम मिळतं. बहुतेकांनी माना डोलावल्या. मला यातलं एकही कारण मान्य नाही. ही कारणं खोडून काढणं आवश्यक आहे, कारण हा ठराव आमच्यापुरता नाही. शहरातल्या जवळजवळ प्रत्येक इमारतीत तो न लिहिताच मंजूर झालेला आहे.

जाणकारीपासून सुरुवात करू. घरातला तुंबारा काढायला विशेष विद्या लागते, असं ज्याने कधी जाळी उचलूनच पाहिली नाही त्यालाच वाटू शकतं. बाथरूमच्या कोपऱ्यातली ती गोल किंवा चौकोनी जाळी उचला. खाली नहाणी ट्रॅप असतो. त्यात एक खोलगट जागा आणि तिच्यात पालथी बसणारी टोपी. खोलगट भागात कायम साधारण दोन इंच पाणी उभं राहतं आणि टोपीची कड त्या पाण्यात बुडालेली असते. अंघोळीचं पाणी त्या कडेखालून जाऊन पाइपात उतरतं, पण पाइपातला दूषित वायू आणि झुरळं उलटी वर येऊ शकत नाहीत. एवढीच ही रचना. तिच्यात फिरणारा, झिजणारा एकही भाग नाही.

आणि तुंबतं ते कशाने? केसांनी. नुसता केस पाइप अडवत नाही, पण त्याच्यावर साबण बसतो. जिथे बोअरचं जड पाणी वापरतात तिथे तर साबणाचा आणि पाण्यातल्या कॅल्शियमचा मिळून एक चिकट, करडा थर तयार होतो आणि तो केसाकेसाला धरून राहतो. त्यात शाम्पूच्या पुडीचा फाडलेला कोपरा, साबणाचा उरलेला चपटा तुकडा, घासणीचा तुटलेला धागा येऊन अडकतो. हातमोजा घालून टोपी काढली की बोटांना या सगळ्याची एक दोरी लागते. ती हिसका न देता, हळूहळू ओढायची. काळसर, बुळबुळीत, आंबलेल्या साबणाच्या वासाची ती दोरी वीतभर निघते, कधी हातभर. ती सुटली की वर साचलेलं पाणी भोवरा करून खाली जातं. केस कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकायचे, टोपी जुन्या ब्रशने घासून परत बसवायची. टोपी परत बसवायची, हे मुद्दाम लिहितो, कारण कितीतरी घरांत ती ‘पाणी लवकर जात नाही’ म्हणून फेकून दिलेली असते आणि मग वर्षानुवर्षं बाथरूमला वास येतो म्हणून सुगंधी गोळ्या टांगल्या जातात. २००३ साली हाँगकाँगच्या अ‍ॅमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्सची लागण तीनशेहून अधिक लोकांना झाली. तेव्हा तपासात आढळलं की अनेक बाथरूममधल्या जमिनीवरच्या ट्रॅपमधलं पाणी सुकलेलं होतं आणि त्या वाटेने सांडपाण्याच्या पाइपातले दूषित कण घरांत ओढले गेले होते. जाळीखालच्या त्या दोन इंच पाण्याची माहिती प्रत्येक घरात असायला हवी. ती बाहेरून येणाऱ्या माणसावर सोपवून चालत नाही.

बेसिनचं तर याहून सोपं आहे. खाली बाटलीच्या आकाराचा जो भाग दिसतो तो बॉटल ट्रॅप. त्याच्याखाली बादली ठेवायची, तळाची वाटी हाताने फिरवून काढायची, आतला गाळ काढून टाकायचा, रबरी वॉशर जागच्या जागी आहे ना ते पाहून परत पिळायची. पान्हासुद्धा बहुतेक वेळा लागत नाही.

कमोडला लोक सगळ्यात जास्त घाबरतात. त्याच्या पोटातही पाणी अडवून धरणारं वळणच आहे. लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ साली अशा वळणाच्या संडासाचं पेटंट घेतलं, आणि आपल्या बैठकीच्या भांड्याखालीही तेच तत्त्व आहे. अडकायचं ते बहुतेक या वळणातच अडकतं, म्हणजे हातभर अंतरावर. रबरी पंप घ्यायचा. बेसिनला सपाट वाटीचा चालतो, कमोडला मात्र वाटीतून आणखी एक रबरी गळा बाहेर येणारा घ्यावा, तो भोकात घट्ट बसतो. आधी टाकीचा नळ बंद करायचा आणि फ्लश अजिबात दाबायचा नाही, कारण भांडं भरून वाहतं ते फ्लशमुळेच. पाणी काठाला आलं असेल तर मगाने थोडं बादलीत काढायचं. भांडं रिकामं असेल तर रबर बुडेल इतकं पाणी ओतायचं. पहिला दाब अगदी हलका, म्हणजे वाटीतली हवा निघून जाते आणि घाण पाणी अंगावर उडत नाही. त्यानंतर रबर न उचलता वर-खाली, वर-खाली. जोर खाली दाबण्यात लावावासा वाटतो, पण वर ओढणं तितकंच महत्त्वाचं. गोळा नुसता पुढे रेटला तर तो वळणात आणखी घट्ट बसतो, मागेपुढे हलवला की सैल होतो. वीस-पंचवीस दाबांनंतर थांबून पाहायचं. सुटला की पोटातून गडगड आवाज येतो आणि पाणी एकदम उतरतं. मग बादलीने पाणी टाकून खात्री करायची, आणि त्यानंतरच फ्लश. बैठकीच्या भांड्याला पंप नीट बसत नसेल तर काठीच्या टोकाला गोणपाटाचा घट्ट बोळा बांधून हेच करता येतं. कोकणात, खेड्यापाड्यांत लोक तसंच करत आले आहेत. पंपाने भागलं नाही तर लोखंडी स्प्रिंग. ती रेटायची नाही, फिरवत फिरवत आत सोडायची आणि टोक अडकलं की तशीच फिरवत बाहेर घ्यायची.

हे सगळं सविस्तर लिहिलं ते एवढ्यासाठी की यात जाणकारीचा बाऊ करण्यासारखं काय आहे ते वाचणाऱ्याने स्वतः ठरवावं. जो माणूस घरचा इन्व्हर्टर, वॉशिंग मशीन आणि मोबाइलचा प्रत्येक कप्पा जाणतो त्याला जाळीखालची टोपी समजत नाही, हे मला खरं वाटत नाही.

मुळात बोलावलेला माणूस काय करतो तेही पाहा. कित्येकदा तो येतो, खिशातून किंवा पिशवीतून अ‍ॅसिडची बाटली काढतो, ओततो, धूर निघतो, सगळे बाजूला होतात, पैसे देऊन त्याला वाटेला लावलं जातं. घरातले म्हणतात, काम झालं. काम झालेलं नसतं. दुकानात मिळणारं हे अ‍ॅसिड हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं. केसाचं त्याने फारसं काही बिघडत नाही. बिघडतं ते फरशीच्या फटींतलं सिमेंट, जाळीचा मुलामा आणि जुन्या इमारतींमधले बिडाचे पाइप. फटी उघड्या पडल्या की पाणी खाली मुरतं आणि मग खालच्या फ्लॅटच्या छतावर ओल येते. सोसायट्यांमधली कितीतरी भांडणं या ओलीवरून होतात, आणि तिची सुरुवात कुणीतरी सहज ओतलेल्या बाटलीत असू शकते हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. त्याच मोरीत आधी कुणी ब्लीचिंग पावडर टाकलेली असेल तर अ‍ॅसिडबरोबर क्लोरीन वायू तयार होतो. बंद बाथरूममध्ये तो श्वासावाटे गेला तर दवाखाना गाठावा लागतो.

कॉस्टिक सोड्याच्या पुड्यांचं वेगळं. त्यांनी केस आणि तेलकट थर खरोखर विरघळतो, पण सावकाश. आणि तुंबारा सुटलाच नाही, तर ट्रॅपमध्ये कॉस्टिकचं तापलेलं पाणी साचून राहतं. दुसऱ्या दिवशी प्लंबर येतो, त्याला कुणी सांगत नाही, तो उघडा हात आत घालतो. हाताची कातडी जाते, शिंतोडा उडाला तर डोळा जातो. ज्या घरात पुडी टाकली गेली त्या घराने ही गोष्ट आल्याआल्या सांगितली पाहिजे, आणि शक्यतो पुडी टाकूच नये. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर टाकण्याचा उपाय घराघरांत फिरतो आहे, त्याने फेस येतो, समाधान मिळतं, केसांची दोरी जागची हलत नाही. उकळतं पाणी ओतण्याचा सल्ला तर घातकच. प्लॅस्टिकचे पाइप पाऊणशे-ऐंशी अंशांच्या आसपास मऊ पडू लागतात आणि गार चिनी मातीच्या भांड्याला तडा जाऊ शकतो. हाताने केस काढणं, पंप आणि स्प्रिंग, यांच्यापुढे बाटलीतला कुठलाही उपाय टिकत नाही.

धोक्याचा मुद्दा मात्र मी हलका धरत नाही. या कामात धोका आहेच, आणि तो प्राणघातक आहे. पण तो कुठे आहे? माझ्या बाथरूमच्या जाळीखाली नाही. तो इमारतीखालच्या चेंबरमध्ये आहे, सेप्टिक टाकीत आहे, रस्त्याखालच्या गटारात आहे. तिथे हायड्रोजन सल्फाइड असतो. सुरुवातीला त्याला सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. माणसाला वाटतं, वायू गेला. तो आणखी एक पायरी खाली उतरतो आणि कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. एका टाकीत दोन-दोन, तीन-तीन माणसं मरतात ती अशी.

डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत गोवंडीच्या एका गृहनिर्माण सोसायटीची सेप्टिक टाकी साफ करताना तीन कामगार मेले. त्यांच्या विधवा पत्नी मुंबई उच्च न्यायालयात गेल्या, आणि २०२१ मध्ये न्यायालयाने त्यांना प्रत्येकी दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला. नीट लक्षात घ्या: ती टाकी सरकारी नव्हती, आपल्यासारख्याच सभासदांच्या सोसायटीची होती. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा २०१३ चा कायदा स्पष्ट आहे. माणसाला हाताने मैला साफ करायला लावणं तर गुन्हा आहेच, पण सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणं हाही गुन्हा आहे. पहिल्या खेपेला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा कायदा महापालिकेइतकाच ठेकेदाराला आणि सोसायटीच्या कमिटीलाही लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गटारातल्या मृत्यूची भरपाई दहा लाख ठरवली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली. वाढवावी लागली, यातच काय ते आलं.

आता त्या ठरावाकडे पाहा. वार्षिक करारावर नेमलेला एक माणूस. आज तो तिसऱ्या मजल्यावरची मोरी काढेल. पावसाळ्यात खालचं चेंबर तुंबेल, तळमजल्यावरच्या संडासातून पाणी उलटं येईल, मैला उपसणारी गाडी यायला उशीर होईल आणि कुणीतरी म्हणेल, आपला माणूस आहे ना, त्याला सांगा थोडं खाली उतरून बघायला. तो नाही म्हणू शकणार नाही, कारण त्याचं पोट त्या करारावर आहे. जो धोका टाळायचा म्हणून ठराव आणला, तोच धोका ठरावाने एका माणसाच्या नावावर लिहून टाकला. धोक्याची खरी चिंता असेल तर वाटणी उलटी हवी. ट्रॅपपर्यंतचं काम घरातल्या माणसाने करावं, चेंबरपासून पुढचं यंत्राने: मैला उपसणारी गाडी आणि जेटिंग मशीन. चेंबरमध्ये माणूस कुठल्याही परिस्थितीत उतरू नये.

हद्द ओळखणंही अवघड नाही. एकच बेसिन किंवा एकच मोरी तुंबली असेल तर अडथळा बहुधा त्याच ट्रॅपमध्ये आहे आणि तो आपला. कमोड फ्लश केल्यावर बाथरूमच्या जाळीतून पाणी वर आलं, किंवा वरच्या मजल्यावर कपडे धुतले की आपल्याकडे फेस दिसला, तर अडथळा पुढच्या सामायिक पाइपात आहे. तिथे पंप मारत बसू नये, कमिटीला कळवावं. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींतही सामायिक सांडपाणी वाहिनी ही सोसायटीचीच जबाबदारी धरलेली आहे.

वेळ नाही, हे कारण सगळ्यात तकलादू. माणसाला फोन करणं, त्याची वाट पाहणं, आज नाही उद्या येतो ऐकणं, तोवर दुसऱ्याच्या बाथरूममध्ये अंघोळीला जाणं, यात जेवढा वेळ जातो त्याच्या छोट्या भागात काम होतं.

रोजगाराचं कारण मात्र ऐकायला दयाळू आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. माझ्या केसांची दोरी उघड्या हाताने काढून शे-दोनशे रुपये घेणं, याला रोजगार म्हणून जपावं का? प्लंबरचं काम वेगळं. तो पाइप जोडतो, उतार काढतो, गळती शोधतो. त्याच्या हातात कसब आहे, त्याला रास्त पैसे दिलेच पाहिजेत आणि ते काम त्याच्याकडून कुणी काढून घेत नाही. पण तुंबारा काढायला आपण बोलावतो तो बहुतेकदा प्लंबर नसतो. तो सफाई करणारा माणूस असतो आणि तो कुठल्या वस्तीतून येतो, कुठल्या जातीतून येतो, हे बोलावणाऱ्यालाही माहीत असतं. मुंबई-पुण्यात वर्षानुवर्षं हे काम ठरावीक दलित जातींच्या वाट्याला आलं आहे. महापालिकेतल्या सफाई कामगारांच्या वारसांना लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार नोकरी मिळते. कामगारांना ती हवी आहे, कारण तिच्यामागे कायम पगार, रजा आणि निवृत्तिवेतन आहे. सफाई कामगारांच्या संघटना झगडतात त्या कायम नेमणुकीसाठी, बूट-हातमोजे आणि यंत्रांसाठी, उपचारांसाठी. ‘कुणाच्याही घरी जाऊन त्यांची मोरी उघड्या हाताने काढण्याचा आमचा हक्क राखा’ असं त्यांनी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. त्यांच्या रोजगाराची काळजी असेल तर घरातला ओला-सुका कचरा वेगळा करा, सोसायटीत काम करणाऱ्याला किमान वेतन द्या. आपल्या सोयीला त्याच्या भल्याचं नाव देऊ नका.

इथे कुणीतरी म्हणेल की जातीचा विषय यात उगाच आणला. मी आणलेला नाही, तो आधीपासून इथे आहे. १९०१ साली कोलकात्याच्या काँग्रेस अधिवेशनात गांधीजींनी स्वयंसेवकांना घाणीने भरलेले संडास दाखवले, तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की हे आमचं काम नाही, सफाई करणाऱ्याचं आहे. गांधीजींनी झाडू मागून घेतला आणि साफ केलं. आत्मकथेत त्यांनी हे लिहून ठेवलं आहे. आमच्या सभेत ठरावाच्या बाजूने जे बोललं गेलं त्यात याहून वेगळं काही नव्हतं, फक्त जातीचं नाव कुणी उच्चारलं नाही.

महाराष्ट्राने तर यात गांधीजींच्याही पुढे पाऊल टाकलेलं आहे. कोकणचे अप्पासाहेब पटवर्धन १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात होते. मैलासफाईचं काम मला द्या, अशी त्यांची मागणी होती. सवर्ण कैद्याला ते काम देता येणार नाही, असं तुरुंगाने सांगितलं. त्यावर त्यांनी अन्नत्याग केला आणि येरवड्यात असलेल्या गांधीजींनी त्यांना पाठिंबा म्हणून स्वतः उपवास केला. पुढे कणकवलीला गोपुरी आश्रमात अप्पासाहेबांनी मैल्याचं खत करणाऱ्या संडासावर वर्षानुवर्षं काम केलं. सेनापती बापटांनी पारनेरला झाडू हातात घेतला. गाडगेबाबांच्या खराट्याबद्दल वेगळं सांगायला नको. या माणसांची नावं आपण शाळांना, रस्त्यांना, स्वच्छता अभियानांना देतो, आणि घरात मोरी तुंबली की जिन्यात उभं राहून सफाईवाल्याला हाक मारतो.

याच ठिकाणी बाबासाहेबांचं म्हणणं डोळ्यांसमोर ठेवायला हवं. हे काम थोर आहे, पवित्र आहे, असं ज्यांच्यावर ते जन्माने लादलं गेलं त्यांनाच सांगत राहणं त्यांना मान्य नव्हतं, आणि त्यांचं बरोबर होतं. माझंही म्हणणं संडास साफ करणं पवित्र आहे असं नाही. ते घाण काम आहे. ते करताना नाक मुरडतं, पोटात ढवळतं. पण ती घाण माझी आहे, माझ्या घरातल्यांची आहे, म्हणून ती काढण्याचं काम माझं आहे. यात कुणी महात्मा होत नाही.

शिसारीचंही तेच. तान्ह्या मुलाचे लंगोट धुणारी आई, अंथरुणाला खिळलेल्या बापाचं सगळं करणारा मुलगा, यांना शिसारी येतच असेल, तरी ते करतात, आणि कुणी त्यांना म्हणत नाही की हे तुमचं काम नाही. घरात जाळीवरचे केस रोज काढते तीही बहुतेक बाईच, आणि तिला कुणी विचारत नाही. माणूस बोलवण्याची भाषा सुरू होते ती घरातल्या पुरुषाच्या हातावर काम येऊन पडतं तेव्हा. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांतली मुलं तिथे स्वतः पंप मारतात, स्वतः ट्रॅप उघडतात, कारण प्लंबरचे दर परवडत नाहीत. तीच मुलं सुटीत पुण्याला आली की आईबाबांच्या घरी माणूस बोलावला जातो. हात तेच, अंगातली ताकद तीच. बदलतं ते एवढंच की इथे दुसऱ्याची मेहनत स्वस्त मिळते.

स्वतः करण्याने आणखी एक गोष्ट घडते, आणि मला ती सगळ्यात मोलाची वाटते. ज्याने एकदा स्वतःच्या हाताने कमोडच्या वळणातून फुगलेला सॅनिटरी पॅड किंवा ओल्या पुसण्यांचा (वेट वाइप्सचा) गोळा बाहेर काढला आहे तो पुन्हा तिथे काहीही टाकत नाही आणि घरात कुणाला टाकू देत नाही. पॅड पाणी शोषण्यासाठीच बनवलेलं असतं. ते वळणात जाऊन फुगतं. ओल्या पुसण्या पाण्यात विरघळत नाहीत, त्यांच्या पाकिटावर काहीही लिहिलेलं असलं तरी. २०१६ च्या घनकचरा नियमांनी वापरलेले पॅड आणि डायपर नीट गुंडाळून सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकायला सांगितलं होतं. पुण्यात कचरावेचकांनी कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा अशी विनंती लोकांना केली, म्हणजे उघडणाऱ्याचा हात त्यात जाणार नाही. एवढं साधं पाळलं जात नाही याचं एक कारण हेच की टाकणारा आणि काढणारा ही दोन वेगळी माणसं आहेत. टाकणाऱ्याला परिणाम दिसत नाही. करारावर माणूस नेमला की तो कधीच दिसणार नाही, तुंबारे वाढतील आणि खालचं चेंबर आणखी लवकर भरेल.

एकटे राहणारे वृद्ध, आजारी माणसं, वाकता न येणारे, गरोदर बायका, यांच्याकडून ही अपेक्षा कुणीच करत नाही. त्यांच्यासाठी शेजारी आहेत, आणि शेजारी नसेल तर साधनं घेऊन येणारा, रास्त पैसे घेणारा प्लंबर आहे. त्याला हातमोजे द्या, आत काय टाकलंय ते खरं सांगा, काम झाल्यावर हात धुवायला साबण आणि बसायला खुर्ची द्या.

आमच्या सोसायटीत मी दुसरा ठराव देतो आहे आणि तुम्हीही तो आपल्या सोसायटीत द्यावा. ऑफिसात दोन रबरी पंप, एक लांब स्प्रिंग आणि कोपरापर्यंतचे हातमोजे ठेवावेत, ज्याला लागतील त्याने न्यावेत आणि धुऊन परत आणावेत. चेंबर आणि टाकीसाठी फक्त यंत्र असलेल्या नोंदणीकृत संस्थेशी करार करावा. चेंबरमध्ये माणूस उतरवला जाणार नाही, हे इतिवृत्तात लिहून ठेवावं आणि सूचना फलकावर लावावं. घरातल्या पंपासाठी मात्र ठरावाची वाट पाहू नका. तो कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. आणा, संडासातच ठेवा, आणि घरातल्या मुलांना, मुलग्यांना विशेष करून, तो वापरायला शिकवा.